तार जोडून आलो

फौजेत भरती होऊन निघालो, तेव्हा मला सोडायला निम्मं धायरी गाव फाट्यावर आलं होतं. आमच्या शेतावर तेव्हाच उंच इमारत उभी राहिली होती. चुलतभाऊ संतोष म्हणाला, "घरात भाडं येतंय, तुला काय कमी हाय? मरायला कशाला जातोस?" आईनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो गप गाडी काढायला गेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टेशनपर्यंत आले. माझी पेटी त्यांनी स्वतः डब्यात चढवली आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभे राहिले.

ट्रेनिंगमध्ये सगळ्यांत मोठा आवाज माझा. मला सिग्नलचं काम मिळालं: चौक्यांमधल्या टेलिफोनच्या तारा ओढायच्या, तुटल्या की जोडायच्या. मग सीमेवर पोस्टिंग झालं. पहिल्यांदा तोफगोळे पडले तेव्हा मी गुडघे पोटाशी घेऊन बंकरच्या कोपऱ्यात बसलो. दात वाजत होते, आणि थंडी फारशी नव्हती. वाटलं, संतोषचंच खरं होतं.

आमच्या गढवाली हवालदारसाहेबांनी चहाचा मग हातात दिला. "डर लगता है? मुझे आज भी लगता है. काम करते-करते लगने दे."

एका दुपारी पुढच्या चौकीचा फोन आला, "दो जवान घायल," आणि बोलता-बोलताच लाइन मेली. त्यांचा वायरलेस आधीच उडाला होता. शत्रूची समोरची तोफ कुठं आहे, हे फक्त त्यांनाच दिसत होतं. त्यांनी सांगितल्याशिवाय आमच्या तोफांना नेम धरता येणार नव्हता, आणि मारा थांबल्याशिवाय जखमींना खाली आणता येणार नव्हतं.

"जातो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

लाइन तपासायचा फोन पाठीला बांधला आणि तार मुठीत धरून सरपटत निघालो. अर्ध्या वाटेत जवळच गोळा पडला. अंगावर माती, कानात शिट्टी. पाय हलेनात. परत फिरलो असतो तर कुणी विचारलंही नसतं. पण त्या तारेच्या टोकाला माणसं होती. एक हात पुढं टाकला, मग दुसरा. पाय मागून आले.

तुटलेली टोकं सापडली. तारेवरचं आवरण दातांनी सोललं. गाठ मारली, पाठीवरचा फोन जोडला, आणि पुढच्या चौकीतून आवाज आला.

"हॅलो? कौन है भाई?"

मला हसू आलं आणि रडूही.

थोड्याच वेळात आमच्या तोफा सुरू झाल्या आणि समोरची तोफ गप्प झाली. दिवस मावळायच्या आत दोघे जखमी खाली आले, जिवंत. एकानं स्ट्रेचरवरून माझा हात धरला तो सोडेचना.

सुट्टीवर आलो तर चौकात माझा फ्लेक्स, 'धायरीचा वाघ'. ढोल, हार, सेल्फी. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. जेवताना अण्णांनी हळूच विचारलं, "भ्या वाटलं का रं?"

"लय वाटलं, अण्णा. पाय हलत नव्हते."

"मग गेलास कसा?" आईनं विचारलं.

मग सगळं सांगितलं, बंकरच्या कोपऱ्यापासून. अण्णांचा हात ताटात वाळला, पण ते उठले नाहीत. शेवटी एवढंच म्हणाले, "भ्यालास, तरी गेलास. ब्येस केलंस."

माझ्यासारखे लांब गेलेले आणि तुम्ही मागे राहिलेले, दोघांनाही सांगतो. शेत आता नाही, पाचव्या मजल्यावर फ्लॅट आहे, सिंहगड रस्त्याचा ट्रॅफिक आहे. तरी भ्यालो होतो असं मान ताठ ठेवून जिथं सांगता येतं, ते माझं घर. उद्या पुन्हा निघतोय. खुशीत निघतोय.