लिंबू लावलेली तलवार

आमच्या गेवराई भागात नदीला वाळू हाय आणि त्या वाळूपायी चांगली माणसं येड्यावाणी वागत्यात. माझा भाऊ एका टोळीत, माझा धाकटा दीर दुसऱ्या टोळीत. दोघांच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल. अजून कुणाला मारलं न्हाई, पण वरात असो, वाढदिवस असो, आभाळात ठो ठो करायचं आन एकमेकांकडं खुन्नसनं बघायचं. माझ्या घरात एक पुढच्या दारानं आला की दुसरा मागच्या दारानं बाहेर!

तशात माझ्या पोरीचं लग्न ठरलं. व्याही शांत माणूस, पण स्पष्ट बोलला, "ताई, मांडवात पिस्तूल दिसलं की आमी वऱ्हाड माघारी फिरवू. नवरदेवासकट." पोरीला तो मुलगा मनापासून आवडला होता.

नवरा म्हणाला, पोलिसांना कळवू. मी म्हणाले, गप बसा. दोघांना एकाच जीपमध्ये घातलं, मधी मी बसले आणि नारायणगडावर देवापुढं नेलं. तिथं दोघांनी बेल-भंडारा उचलून शपथ घेतली की लग्नाच्या मांडवात कुठलंच हत्यार आणणार न्हाई. "कुठलंच" हे दिरानंच घातलं, मोठ्या ऐटीत. येताना दोघांनी एकाच टपरीवर चहा घेतला, तोंडं दोन दिशांना करून. मला तेवढंबी लई वाटलं.

आता आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना नवरीचा मामा तिच्या मागं तलवार घेऊन उभा राहतो. तलवारीच्या टोकाला लिंबू खोचलेलं असतं. शपथ घेताना ही रीत आमच्यापैकी एकाच्याबी डोक्यात आली न्हाई!

लग्नाच्या दिवशी गुरुजींनी अंतरपाट धरला, भाऊ तलवार घेऊन पोरीमागं उभा राहिला, आणि दीर ओरडला, "हत्यार! शपथ मोडली!"

"डोळे फुटले का तुमचे?" भाऊ म्हणाला. "लिंबू लावून कुणी खून करतं व्हय?"

"कुठलंच म्हंजी कुठलंच!"

गुरुजी घड्याळाकडं बघायलेत, व्याही खुर्चीतून उठायलेत, पोरगी मुंडावळ्यांतून माझ्याकडं बघायलीय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "भावजी, या हिकडं! तुमीबी धरा तलवार. दोघं मिळून धरा. मग कोण कुणावर चालवतंय तेच बघते मी!"

दीर तणतणत आला. मूठ धरायला त्यानं हात वर केला, तसा सदरा वर सरकला. कमरेला पिस्तूल!

मला दिसलं. भावाला दिसलं. व्याही हाकेच्या अंतरावर. भावानं नुसतं बोट दाखवलं असतं तरी संपलं होतं सगळं, आणि लिंबावरून चारचौघांत बोलणी खाल्लेला माणूस बोट दाखवणार न्हाई तर काय करणार? मी त्याच्याकडं बघून हातच जोडले.

भावानं खांद्यावरचं उपरणं काढलं, दिराच्या कमरेभोवती गुंडाळलं, गच्च गाठ मारली आणि म्हणाला, "पाहुणं, पोट आत घ्या. फोटो काढायलेत."

दिराची मान खाली गेली. "रोजची सवय, पाहुणं," तो पुटपुटला. "कपडे घालताना ध्यानातच आलं न्हाई."

"आता मूठ नीट धरा. लिंबू पडंल."

एका मुठीवर दोघांचे हात, आणि गुरुजींचं सावधान. अक्षता पडल्या तेव्हा मला धड दिसतबी नव्हतं, इतकं रडू आलं. पाठवणीला मात्र सगळ्यांत मोठ्यानं दीर रडला, उपरणं कमरेलाच. दुसऱ्या दिवशी तो भावाच्या मोटरसायकलवर मागं बसून ठाण्यात गेला आणि दोघांनी आपापली पिस्तुलं जमा केली.

तो फोटो व्याह्यांच्या बैठकीत लावलाय. व्याही अजून विचारतात, "ताई, काकानं कमरेला उपरणं कावून बांधलंय?"

मी सांगते, "आमच्यातली रीत हाय."