बोरिवलीच्या गोदूताई

गोदूताई पहिलीतल्या पोरांनाही ‘अहो’ म्हणत. अंधेरीच्या शाळेत त्या आम्हाला शिकवत. मी नाक वर ओढत उभा असे आणि त्या शांतपणे विचारत, "अहो वसंतराव, रुमाल विसरलात वाटतं?" मार खाऊनही न सुधारलेली पोरं त्या ‘अहो’ने सरळ व्हायची.

त्या बालविधवा. आयुष्य भावाच्या घरी गेलं. भाऊ-भावजय अकाली वारली, तेव्हा त्यांच्या माधवला गोदूताईंनीच वाढवलं. पुढे माधवचं लग्न झालं, दोन मुलं झाली; जागा तीच, एक खोली नि स्वयंपाकघर. सूनबाईंना तिसऱ्यांदा दिवस गेले आणि गोदूताईंनी स्वतःच बोरिवलीच्या वृद्धाश्रमात नाव घातलं. घरात माणसं असताना आश्रमात जाणं म्हणजे तेव्हा चारचौघांत नाचक्कीच.

माधव रडकुंडीला आला. "आत्या, लोक माझ्या तोंडात शेण घालतील गं."

"अहो माधवराव, लोकांना तुमच्या खोलीत पाय पसरायचे नाहीत. बाळंतिणीला पसरायचेत."

शाळा सुटली तरी माझं त्यांच्याकडे जाणं-येणं होतं; पोचवायला मीच गेलो. माधवला ते झेपलं नसतं. दोन महिने गोदूताईंनी ट्रंक उघडली नाही. पिशवीतली दोन लुगडी आलटून पालटून नेसत. "पाहुण्यानं पसारा मांडू नये," म्हणत. रविवारी सकाळपासून फाटकाशी उभ्या. माधव यायचा, पण दर रविवारी त्याला कुठलं जमायला? मी दिसलो की म्हणत, "आलात, बरं झालं." नजर मात्र माझ्या मागे, रस्त्यावर.

मग शेजारच्या खाटेवर खारदांड्याच्या पारूबाई आल्या. जन्मभर मासळी विकलेली, मागेपुढे कोणी नाही. आश्रमातलं वरण त्यांच्या घशाखाली उतरेना. तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. गोदूताईंचा मला निरोप आला : येताना सुके बोंबील आणा. मी चाटच पडलो. कोळणीची टोपली दिसली तरी रस्ता ओलांडणारी ही बाई!

मागच्या अंगणात शेगडी पेटवून, नाकाला पदर गुंडाळून त्यांनी स्वतः बोंबील भाजले. वास पसरला तसे व्यवस्थापक धावत आले.

"अहो, नियम वाचलेत मी," गोदूताई म्हणाल्या. "माणूस उपाशी मारावा असं त्यात कुठं नाही."

पारूबाई उठून दाराशी आल्या होत्या. "बाय, तुला वास सोसत नाय, न् तू माझेसाठी भाजतंस?"

"तुम्ही जेवा. वासाचं मी बघते."

त्या संध्याकाळी गोदूताईंनी ट्रंक उघडली आणि कोनाड्यात देव मांडले.

दोन वर्षांनी माधवला ट्रॉम्बेच्या नोकरीत दोन खोल्यांची जागा मिळाली. तो टॅक्सी घेऊनच आश्रमात आला. गोदूताईंनी खोदून खोदून विचारलं : पाणी किती वेळ येतं? मुलं कुठं निजतात? त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी ट्रंकेला हात घातला. पण तोवर पारूबाईंनी अंथरूण धरलं होतं.

"राहू द्या, वसंतराव," गोदूताई म्हणाल्या. "यांना कुशीवर वळवायला माणूस लागतं. दुसऱ्या कुणाचा हात त्या लावून घेत नाहीत."

माधवने खूप विनवलं. टॅक्सी रिकामी गेली. धूळ बसेपर्यंत गोदूताई फाटकाशी होत्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही एकदा ती जागा बघून याल? आणि मला सांगाल?"

पुढच्या रविवारी मी ट्रॉम्बेला जाऊन आलो आणि त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"माझी खाट कुठं बसली असती?"

"खिडकीपाशी. माधवने तेवढी जागा मोकळीच ठेवली आहे."

त्यांनी डोळे उघडले.

"माधवरावांना म्हणावं, मुलांना अभ्यासाला तिथं बसवा. उजेड चांगला असेल."

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, पारूबाईंच्या आधी, गोदूताई गेल्या. ट्रॉम्बेची ती खोली त्यांनी पाहिली नाही.