मामांचा माफीचा कोट

माफी मागावी तर ती आमच्या मामांनीच. तशी माफी मागणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. नात्याने ते माझ्या आईचे चुलतभाऊ, पण मानोऱ्याकडच्या आमच्या गावात शाळेतून ज्या ज्या पोराला काढलं, त्या प्रत्येकाचे ते मामा होते. त्या काळी एकदा नाव काढलं की कुणी वजनदार पालक येऊन माफी मागेपर्यंत पोराला परत घेत नसत. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे बाप कामासाठी मुलूख सोडून गेलेले, विणकर मोमिनांना मागावरून उठायला सवड नाही. मग मामाच पालक होऊन जात. त्यासाठी त्यांनी एका वकिलाचा जुना काळा कोट मागून आणला होता. वकील चांगले धिप्पाड आणि मामा वाळलेल्या शेंगेसारखे, त्यामुळे त्यांनी हात जोडले तरी बघणाऱ्याला नुसत्या दोन बाह्या जोडलेल्या दिसत.

एकदा ते एका मोमिनाच्या पोराला घेऊन गेले. रात्री बापाबरोबर मागावर बसल्यामुळे ते वर्गात झोपलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "हाही तुमचा भाचा?" मामा शांतपणे म्हणाले, "बहिणी लई हायत मले." मग पागोटं काढून टेबलावर ठेवलं, मान खाली घातली आणि ठरलेलं वाक्य म्हटलं, "लेकरू चुकलं, पदरात घ्या." हे म्हणताना त्यांचा आवाज असा काही दाटून येई की शिपाईसुद्धा डोळे पुसत असे. घरी मात्र उलटा प्रकार. त्यांच्या हातून लोणच्याची बरणी फुटली, तर "इथं ठेवली काहून?" म्हणून मामीच बोलणी खाणार.

पोरानं केलं काय, हे ते कधीच विचारत नसत. "गुन्हा समजला की माफीत खोट येते," असं त्यांचं म्हणणं. पण कोण काढला जातो, यावर त्यांचं बारीक लक्ष असे. पारावर बसून ते सांगत, "देशमुखाचं लेकरू उशिरा आलं त त्याले कणकण असते. तांड्यावरचं आलं त त्याले माज असते." लोक हसत. मामाही हसत, पण त्या हसण्यात काही राम नसे. लहानपणी त्यांनाही शाळेतून काढलं होतं, आणि त्यांच्यासाठी कुणीच गेलं नव्हतं.

फुलसिंग त्यांचा सगळ्यात लाडका भाचा. तांड्यावरचा, सातवीत शिकणारा. सातवीची परीक्षा झाली की मास्तर व्हायचं आणि तांड्यावरच शाळा काढायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. डिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी वर्गात टांगलेल्या इंग्रज बादशहाच्या तसबिरीची काच फुटली. फोडली पाटलाच्या पोरानं, हे सगळ्या वर्गानं पाहिलं होतं. नाव निघालं फुलसिंगचं. तो त्या दिवशी शाळेतच नव्हता, आईबरोबर कापूस वेचत होता.

दुसऱ्या दिवशी मामा कोट चढवून निघाले. वाटेत फुलसिंग दोनदा म्हणाला, "मामा, आइका त." मामांनी हातानेच त्याला गप्प केलं. शाळेत त्या दिवशी खुद्द डिपोटीसाहेब खुर्चीवर होते. मामांनी पागोटं काढलं, मान खाली घातली आणि जन्मात मागितली नसेल इतकी सुंदर माफी मागितली. "लेकरू चुकलं, पदरात घ्या." साहेबांनी विचारलं, "म्हणजे काच यानंच फोडली, हे पालकांना कबूल आहे?" मामांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. फुलसिंग त्यांच्याकडेच बघत होता. "काच? कोणती काच?" मामा म्हणाले. पण तोवर लिहून झालं होतं. बादशहाचा अपमान, गुन्हा कबूल, कोणत्याही शाळेत प्रवेश नाही. पाटलाचं पोरगं मागच्या बाकावर बसून सगळं ऐकत होतं, आणि पुढे तेच पास झालं.

फुलसिंग बापामागे मजुरीला निघाला, तेव्हा मामा तोच कोट घालून तांड्यावर गेले. मीही बरोबर होतो. त्यांनी हात जोडले. इतरांसाठी आयुष्यभर माफी मागणाऱ्या त्या माणसाला स्वतःसाठी एक शब्द सुचेना. मला त्यांची फार कीव आली. फुलसिंगनं बोचकं खाली ठेवलं, मामांच्या लोंबणाऱ्या बाह्या दुमडून वर केल्या आणि त्यांचे हात खाली घेतले. म्हणाला, "दुसऱ्या कोणासाठी जासान, मामा, त आधी इचारजा त्याले."

त्यानंतर मामा विचारू लागले. शाळेच्या ओट्यावर पोराला जवळ बसवून सगळं ऐकून घेत. बहुतेक वेळा पोराचा काही गुन्हाच नसे. मग आत गेल्यावर त्यांचा आवाज दाटेना, मान खाली जाईना, "लेकरू चुकलं" तोंडातून निघेना. हेडमास्तरांना वाद घालणारा पालक नको होता. एकामागून एक पोरं बाहेरच राहिली. शेवटी मामांनी कोट खुंटीला अडकवला तो अडकवलाच. मामी मधूनमधून त्याला ऊन दाखवत असे. तेव्हा अंगणातून जाणारं एखादं गुरं राखणारं पोर थांबून म्हणे, "मामा, कोट काढला? कोणासाठी चालले?" मामा म्हणत, "कोणासाठीच नाही, बापा. तू जाय." आणि ते पोर दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहत.