आमच्या खुब्यांना राजा कशाला पायजे?

गाववाल्यांनो, मस्कत-कुवेतवाल्यांनो, पनवेलच्या सायबर कॅफेत बसून लिवतेय. डोकं अजून तापलंय.

न्हावा शेव्याच्या रस्त्यापाशी आपलं जुनं गावठाण हाय ना, तिथं कॉलेजवाले खोदतायत. आज सकाळी मातीखाली एक चूल निघाली. शेजारी फुटकी मडकी आन् शिंपल्यांचा ढीग. खोदणारी मॅडम बोलली, "आजी, दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं शेतकऱ्याचं घर आहे हे."

तवर आपला सरपंच आला. शिंपल्या बघून बोलला, "मॅडम, ही राणीमहालाची नक्षी! राजवाडा लिवा. राजवाडा असंल तर जागा राहील. नायतर उद्या बंदरवाले भराव टाकून ट्रक उभे करतील."

मी बोलली, "मेल्या, नक्षी कसली? खुबे हायत ते! शिजवून खाल्ले नि टरफलं टाकली. तुझी आय माझ्यासंगती पाटी घेऊन खाडीत खुबे काढाया यायची, इसरलास?"

सगळे हसले. तो चिडला. "काकी, नुसत्या चुलीसाठी जागा कोन राखतो?"

"मी राखते," बोलली नि खड्ड्याच्या काठावर बसली. "टाकू दे त्यांना भराव. पयला माझ्यावर टाकू दे."

दुपारपर्यंत एक ट्रक फिरकला नाय.

खोटा राजा बसवून मला जागा वाचवाची नाय. उद्या परत बसणार. कोन कोन येतंय? मस्कतवाल्यांनो, तुमच्या आयांना धाडा.

फलक मीच रंगवणार: हितं आमची मानसं खुबे खाऊन जगली.