कानबाई आणि लाल कात्री

लेक कामावरून आली की आई आधी तिच्या हातांकडे बघायची. बोटांना तेल लागलेलं असलं, तर आज काम होतं. हात स्वच्छ असले, की दिवस रिकामा गेला. गेले दोन महिने बहुतेक दिवस ते स्वच्छच असत. कारखाना बंद पडला तर ही पोरगी करणार काय, ही चिंता उठता-बसता आईची पाठ सोडत नव्हती.

लेक शिंप्यांच्या कात्र्यांच्या कारखान्यात पाती जुळवायची. घासून आलेल्या ढिगातून दोन पाती उचलायची, एकमेकांवर ठेवायची, हलक्या हातोडीने एखाद्या पात्याला जरासा बाक द्यायची. मग स्क्रू आवळून कात्री कानाशी न्यायची आणि सावकाश मिटायची. मुठीपासून टोकापर्यंत आवाज एकसारखा यायला हवा. मध्येच खर्र झालं की पुन्हा हातोडी. शेवटी ओल्या मलमलीचा तुकडा नुसत्या टोकाने कापायचा. जोडी जमली की दोन्ही पात्यांच्या आतल्या बाजूला सारखे ठिपके ठोकायचे, म्हणजे पुढे धार लावताना एकीचं पातं दुसरीला जायचं नाही. अकरा वर्षं हेच. कारखान्यात तिचं नावच 'कानबाई' पडलं होतं. "कानबाईपुढे जपून रे," धार लावणारे एकमेकांना म्हणत, "तिला मनातलंही ऐकू जातं."

मनातलं ऐकू जात नव्हतं, हे आईचं नशीब. कारण आईच्या मनात चोवीस तास जाऊबाई होत्या.

जाऊबाईंचा मुलगा परदेशातून कात्र्या मागवायचा. लाल प्लास्टिकच्या मुठीच्या, कंटेनर भरभरून. इथल्या एका कात्रीच्या भावात तिथल्या तीन यायच्या. बघता बघता कारखान्याची काळी कात्री दुकानांतल्या मागच्या फळीवर गेली, मग फळीवरूनही गेली. त्यात सरकारने देशातल्या पोलादाच्या गिरण्या वाचवायला बाहेरच्या पोलादावर कर बसवला. पोलाद सगळीकडेच महागलं. तयार कात्रीवर मात्र कर नाही. मालक कपाळावर हात मारून म्हणाले, "पोलाद पोलाद म्हणून बंदरात उतरलं तर चोर, आणि कात्री होऊन उतरलं तर जावई!" कामगार पोट धरून हसले. पुढच्या आठवड्यापासून कारखाना तीनच दिवस चालू लागला.

त्याच सुमाराला जाऊबाईंच्या स्वयंपाकघराला नवा दगडी ओटा बसला. आई बघून आली. "किती छान, अगदी आरसाच!" असं तोंडभरून म्हणाली आणि घरी येऊन भांडी अशी आदळली की लेकीला म्हणावं लागलं, "आई, ओट्याचा राग पातेल्यावर नको. पोचे पडतात."

"मला कसला राग? त्यांचा ओटा, त्यांना लखलाभ."

पण खरं काय ते आईला माहीत होतं. एकाच घरात दोघी सुना म्हणून आल्या. कॉमर्सची पदवी हिच्याकडे. आयात-निर्यातीच्या पेपरात वर्गात पहिली आलेली ही. आणि आयात करतंय कोण? ज्या मालाने आपल्या पोरीचे हात रिकामे केले, त्याच मालावर त्यांचे ओटे चकाकताहेत. हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

म्हणूनच महिन्यापूर्वी ते घडलं. भर दुपारी जाऊबाईंचा फोन आला. लेक कामावर होती.

"अगं, तुझ्या लेकीला विचार ना. माल परत यायला लागलाय. शिंपी म्हणतात, टोक कापत नाही. पाती जुळवणारं माणूस हवंय गोदामात. घरची मुलगी असताना परकं कशाला शोधायचं?"

"विचारायचं काय त्यात?" आई ताडकन म्हणाली. "तिला मान वर करायला फुरसत नाही. कारखाना जोरात आहे त्यांचा."

फोन ठेवला तेव्हा काळजाला गार वाटलं. तो गारवा संध्याकाळपर्यंत टिकला. संध्याकाळी लेक स्वच्छ हातांनी घरी आली. आईने फोनचं नावही काढलं नाही.

आज सुट्टीचा दिवस. म्हणजे सक्तीचाच. लेकीचे हात शिवशिवत होते. खणातल्या पसाऱ्यातून तिने जाऊबाईंनी भेट दिलेली लाल कात्री काढली, कानाशी नेली आणि मिटली. पुन्हा मिटली.

"आई, हिने तार कापलीय."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "असेल. परदेशी माल, पोकळ असायचाच."

"तीन ठिकाणी दात पडलेत. चांगलं दाबून कापलीय कुणीतरी. आपल्याकडे तारा कोण कापतं गं?"

आईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या कात्रीने तिने एकदा गुपचूप जुनी चादर कापून बघितली होती. चादर सरसर कापली गेली, फक्त शेवटी टोकाशी अडली. तरी ती इतकी बरी कापते, हेच जास्त झोंबलं होतं. मग कपडे वाळत घालायची उरलेली तार घेतली होती.

लेकीने आणखी काही विचारलं नाही. कात्री सोडवली, दात घासून काढले, हातोडीचे चार हलके ठोके दिले, पुन्हा आवळली. कानाशी नेली. मग रुमाल ओला करून टोकाने कापला. कड सुरेख निघाली.

"पोलाद वाईट नाहीये आई. फक्त पाती कुणी जुळवलेलीच नाहीत. दादाने एक माणूस ठेवलं, तर एकही कात्री टोकाशी अडणार नाही."

"मग तू सांग ना त्याला."

"मी कोणत्या तोंडाने जाऊ? त्यांना गरज असती, तर काकूंनी फोन केला नसता का?"

असं म्हणत तिने सवयीने स्क्रू पुन्हा काढला आणि दोन्ही पात्यांच्या आत ठिपके ठोकले. तिच्या बोटांना तेल लागलं होतं. कितीतरी दिवसांनी.

आई उठली. भाजीचे हात पदराला पुसले.

"काकूंनी फोन केला होता," ती म्हणाली. "महिना झाला. मी नाही म्हणून सांगितलं. आणि तारही मीच कापली."

लेकीच्या हातातली हातोडी तशीच राहिली. मग तिने ती खाली ठेवली आणि आईकडे वळली.

एव्हाना त्यांनी दुसरं कुणी ठेवलंही असेल. जाऊबाई ऐकवतील. ऐकवू देत. आईने फोन हातात घेतला. लेकीसमोरच लावायचा, म्हणजे जीभ पुन्हा वाकडी वळणार नाही. तिच्यासाठी काम मागायचं, आपली चूक सांगायची. ओट्याची चौकशी मात्र मुळीच करायची नाही, एवढं पक्कं करून तिने जाऊबाईंचा नंबर लावला.