सगळ्यांना आवतण

भाऊसो गावचा पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी पाळीपाळीनं रानात सोडणारा माणूस. गडी घरात बसला तरी जीव कालव्यावर. त्यात लेकीचा, दीप्तीचा, साखरपुडा नेमका शेवटच्या पाळीदिवशी आला. त्या दिवशी पाणी पार टोकाला, यल्लव्वाआक्काच्या मिरचीला जायचं होतं. रोपांनी माना टाकल्या होत्या आणि वरचे बागायतदार मधेच पाटाचं दार फोडून पाणी उसात वळवण्यात पटाईत.

भाऊसोनं डोकं चालवलं. वरच्या बाजूच्या झाडून सगळ्यांना जेवायला बोलावलं. विहारात वंदना चालली, तर हा पंचशील म्हणता म्हणता मुंडकी मोजत होता. जोतीराम हाय, अमरसिंह हाय. सगळे चोर हजर! तरी पायाला भिंगरी लागलेलीच. पंगतीत वाढता वाढता त्याची नजर बायकांकडं गेली आणि आमटीची बादली हातातच राहिली.

"आक्का! तू इथं, मग रानात पाणी कोण धरतंय?"

"कोण न्हाय की. तूच म्हणलास, सगळ्यांनी या."

भाऊसो नव्या पांढऱ्या विजारीनिशी पळत सुटला. वळवायला कुणी नसल्यानं पाणी मिरचीला बगल देऊन ओढ्याला निघालं होतं.

पंगती उठल्यावर दीप्ती होणाऱ्या नवऱ्याला घेऊन बांधावर आली. बाप गुडघाभर चिखलात, हातात खोरं.

"बाबा, हे पाया पडायला आलेत."

जावई खाली उतरून वाकला.

"ते ऱ्हाऊ द्या, पावणं," भाऊसो वरही न बघता म्हणाला, "आधी तुमचा पाय काढा पाटातनं. पाणी अडतंय."