धुतलेला डबा

"ताई, आज डबे निघणार नाहीत." सकाळी सातला भास्करचा फोन आला आणि तो एवढंच बोलला. गॅस संपला का, मी विचारलं. तो म्हणाला, "मावशीच नाही राहिली"... त्याला आता सहा आठवडे झाले. सुमनमावशीवर काही हळवं लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीकडून सांगणं आलं, पण ते मला जमणार नाही. साथ होती, गेली बिचारी, असं म्हणून हात झटकणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. आणि दुसऱ्यांवर बोट ठेवायचं तर आधी माझा वाटा सांगायला हवा.

मावशी शिरपूरकडची. नवऱ्यामागे सिल्वासाजवळच्या या गावात आली, नवरा गेल्यावर चाळीतल्या पहिल्या खोलीत खानावळ टाकून बसली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या पट्ट्यातल्या कुठल्याही गावाने ते आपलं समजावं. बावीस खोल्या, सगळे धुळे-नंदुरबारचे, मसाटच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांत पाळीला जाणारे. प्रत्येकाच्या डब्यावर नेलपॉलिशने खूण. दोन संजय होते, म्हणून एकाला फूल, एकाला मासा. नियम एकच, डबा न धुता परत करायचा. "बारा तास मशिनीपाशी उभा राहिलेला माणूस डबा कुठून धुणार वं? ते माझं काम." घासायला टाकण्याआधी ती प्रत्येक डबा उघडून बघायची. अर्धी पोळी राहिलेली दिसली की म्हणायची, "याचं घरी फोनवर भांडण झालं," आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. मी गावात कामगारांसाठी पत्रकं काढते, माझा डबाही तिच्याकडचाच. "पत्रकं वाटून पोट भरत नाही, चांगली खात जा," हे रोजचं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत डबे भरलेलेच परत यायला लागले. तोंडाची चव गेलेला माणूस जेवणार काय? पंचायतीची माणसं वही घेऊन आली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, ताप नाही. ताप म्हणालं की ठेकेदार हजेरीवरून काढणार, हे पोराटोरांनाही माहीत होतं. पण मावशीला वही लागत नव्हती. भरलेला डबा आला की ती त्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहायची, "चल, ऊठ," म्हणायची आणि भास्करला रिक्षा आणायला धाडायची. भास्कर तिचे डबे पोहोचवायचा. त्याचं काम सुटलं होतं, घाबरायचं काही उरलं नव्हतं. अशी चार माणसं वेळेत दवाखान्यात पोहोचली आणि चालत परत आली. याची नोंद कुठल्याही सरकारी कागदावर नाही.

त्याच आठवड्यात पंचायतीने घरटी औषधांचं पाकीट वाटलं. चाळीला एक पाकीट. बावीस खोल्यांना एक. मी सरपंचांच्या ओट्यावर गेले. ते शांतपणे म्हणाले, "बेन, कागदावर चाळ म्हणजे एक घर. आणि ते लोक आपले मतदार पण नाय." मी घरी आले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'चाळीतून रोज नऊ डबे भरलेले परत येतात. नऊ माणसं आजारी आहेत. पंचायत कधी जागी होणार?' मला ते पत्रक फार आवडलं होतं. मावशीला विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

पंचायत दुसऱ्याच दिवशी जागी झाली. मावशीकडे नऊ नावं मागितली. ती म्हणाली, "मला वाचता येत नाही." मग त्यांनी चाळीच्या तोंडाशी आडवे बांबू बांधले, सगळ्या चाळीला चौदा दिवस बंदी. डॉक्टर आला नाही, औषधाचं दुसरं पाकीटही आलं नाही. ठेकेदाराने चाळीतल्या माणसांच्या जागी दुसरी माणसं लावली. चौदा दिवसांनी बांबू सुटले आणि त्या संध्याकाळपासून डबे धुतलेले यायला लागले. सगळे. लखलखीत. मावशीने ते ओळीने मांडून मला दाखवले. "लग्न होऊन दहा वर्षं झाली तरी घरी ताट न उचलणारे हे. आता बघ." मग एकेक झाकण लावत म्हणाली, "मी कुणाला बोलले होते का वं? तू छापलंस."

चाळीमागच्या गटारात भात, बटाट्याची भाजी, वरण पडायला लागलं. मावशी रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहायची. अन्न दिसायचं, माणूस कळायचा नाही. दारोदार विचारलं तर सगळे म्हणायचे, जेवलो मावशी. मासा असलेल्या डब्याचा संजय पाच दिवस धुतलेला डबा पाठवत होता. सहाव्या दिवशी त्याला चौघांनी उचलून बाहेर आणलं आणि दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. मावशीने त्याचा डबा घासायला घेतला. घासण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी घासत बसली.

त्यानंतर आठ दिवसांनी मी तिला शेवटची भेटले. ती शेगडीपाशी पाटावर बसली होती, भिंतीला टेकून. पोळ्या भास्कर लाटत होता, वेड्यावाकड्या. ती त्याला म्हणाली, "गुजरातचा नकाशा करतोस का रं?" आम्ही हसलो. मी विचारलं, "मावशी, जेवलीस?" तिने बाजूचा डबा उघडून माझ्यासमोर धरला. रिकामा, पुसलेला, स्वच्छ. "हे बघ. जेवले." आणि मी, जिने या डब्यांवर पत्रक छापलं, ती मी बरं म्हणून निघून आले. ती तर कायम पातेल्यातूनच जेवायची. तिचा असा डबाच कधी नव्हता, हे मला रस्त्यातसुद्धा आठवलं नाही.

खानावळ आता भास्कर चालवतो. मावशीने त्या दिवशी माझ्यासमोर धरलेला डबा आम्ही खिळ्याला टांगलाय. त्याच्या झाकणावर वाळलेल्या नेलपॉलिशचा मासा आहे. संध्याकाळी डबे परत आले की मी जाऊन एकेक उघडते. बाकीचे आता पुन्हा खरकटे येतात, पण काल एक धुतलेला आला, फुलाचा, दुसऱ्या संजयचा. मी खोलीपाशी गेले, कडी वाजवली. आतून खोकला आला, मग आवाज, "जेवलो ताई, जेवलो." मी म्हटलं, "संजय, मी काही लिहिणार नाही. दार उघड." आत हालचाल झाली नाही. मी उंबऱ्यावर बसले आणि पुन्हा कडी वाजवली.